टेबल परत मांडू द्या: आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

मंडळाच्या कार्यकारिणीतल्या सगळ्या दादा-वहिनींना,

सा. न. वि. वि.

दोन ईमेल पाठवल्या, एकीचंही नीट उत्तर आलं नाही, ग्रुपवर लिहिलं तर पोस्ट उडवली गेली, म्हणून आता सगळ्यांना दिसेल असं लिहितेय. मंडळाचं नाव, गावाचं नाव, कोणाचंही नाव मी यात घातलेलं नाही आणि ते मुद्दाम, कारण सासूबाईंच्या आजारपणात ज्यांनी महिनाभर घरी डबे पोचवले त्याच माणसांशी मी कशाला भांडू. माझं भांडण तुमच्या एका निर्णयाशी आहे.

यंदा जूनमध्ये तुम्ही नियम केलात की अमेरिकेतल्या आपल्या या मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात मतदार नोंदणीचं टेबल लागणार नाही आणि निवडणुकीवर कुठलंही सेशन होणार नाही. मी यंदाच्या गणपतीच्या आदल्या आठवड्यासाठी एक तास मागितला होता, विषय दिला होता "खुर्चीवरचा प्रेसिडेंट का हरतो आणि आपल्याला त्याचं काय". तुमचं उत्तर असं होतं की हा राजकारणाचा विषय आहे, आपली संस्था सांस्कृतिक आहे, शिवाय प्रेसिडेंट कोण होतो ते इकॉनॉमी ठरवते, आपल्या मताने काही होत नाही, आणि कोणीही आला तरी आपल्याला काय फरक पडतो.

हे शेवटचं वाक्य वाचून मी रात्रभर झोपले नाही, खरंच सांगते.

मी २००६ साली सांगलीहून आले, एच-फोरवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर. इंजिनिअरिंगची डिग्री, तिकडे चार वर्षं नोकरी केलेली, आणि इथे आल्यावर कायद्याने एक डॉलर कमवायची परवानगी नाही. नऊ वर्षं मी घरात होते. मुलांना शाळेत सोडायचं, लायब्ररीत जाऊन पुस्तकं चाळायची, मंडळाच्या कार्यक्रमात दोनशे माणसांच्या पुरणपोळ्यांचं गणित करायचं. मग २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला, ज्यांच्या नवऱ्याची ग्रीन कार्डची आय-१४० (कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर झालीय त्या बायकांना काम करता येईल असं ठरलं. हा नियम काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, केला नव्हता, तो प्रेसिडेंट ओबामांच्या प्रशासनाने केला, म्हणजे २०१२ ची निवडणूक वेगळी लागली असती तर तो बहुतेक आलाच नसता. माझं ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड टपालाने आलं तेव्हा दुपार होती, घरात कोणी नव्हतं, मी पाकीट उघडलं, कार्ड देवघरात गणपतीसमोर ठेवलं आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. पुढे २०१७ पासून सतत ऐकत होतो की हा नियम काढणार, आज काढणार, उद्या काढणार. काढायचा प्रस्ताव तीन वर्षं अजेंड्यावर होता, २०२१ च्या जानेवारीत नवीन प्रशासन आलं आणि तो मागे घेतला गेला. ग्रीन कार्ड होईपर्यंत आमच्या घराचं कर्ज, मुलाचं कॉलेज सगळं त्या एका कार्डावर उभं होतं.

त्यामुळे "काय फरक पडतो" हे मला सांगू नका. ज्यांची ग्रीन कार्डं नव्वदीत झाली त्यांना कदाचित नसेल पडत, पण मंडळात तेवढेच लोक नाहीत. २०२५ च्या १९ सप्टेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, नव्या एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, एक लाख डॉलर फीचा आदेश निघाला, ओळखीतला एक मुलगा बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेलेला, कंपनीचा मेसेज आला की रविवारच्या आत परत ये, तो लग्न टाकून मुंबई एअरपोर्टला पळाला. मग दुसऱ्या दिवशी खुलासा आला की जुन्या व्हिसावाल्यांना हे लागू नाही. हळद लागलेली बहीण तिकडे रडतेय आणि हा विमानात. ही प्रेसिडेंटच्या एका सहीची ताकद आहे.

पण मी असंही म्हणत नाही की प्रेसिडेंट बदलला की सगळं बदलतं, आणि सेशनमध्ये मला हेच समजावून सांगायचं होतं. ग्रीन कार्डची रांग का हलत नाही? कारण नोकरीवरच्या ग्रीन कार्डांचा वर्षाचा आकडा एक लाख चाळीस हजार आणि एका देशाला त्यातला सात टक्क्यांचा कोटा, हे कायद्यात लिहिलंय, १९९० च्या. तो प्रेसिडेंट सहीने बदलू शकत नाही, कुठल्याच पार्टीचा. देशाचा कोटा काढणारं बिल २०१९ च्या जुलैत हाऊसमध्ये (काँग्रेसच्या खालच्या सभागृहात) ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं होतं, वरच्या सभागृहाने, सेनेटनेही, २०२० च्या डिसेंबरात आपली वेगळी आवृत्ती पास केली, पण दोन्हींचा मेळ बसायच्या आत त्या काँग्रेसची मुदत संपली आणि बिल मेलं. आपल्यातले किती जण त्यांच्या सेनेटरचं नाव सांगू शकतील? नोंदणीच्या टेबलावर मी सहज विचारलं होतं तेव्हा दहातल्या दोघांनी सांगितलं. बेळगावकडचे श्री ठाणेदार मिशिगनमधून २०२२ साली हाऊसमध्ये निवडून गेले तेव्हा ग्रुपवर तीन दिवस अभिनंदनाचे मेसेज चालले, आणि आपल्या स्वतःच्या डिस्ट्रिक्टमधून कोण गेलं ते कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे प्रेसिडेंटची निवडणूक महत्त्वाची आहेच, पण तेवढीच एक महत्त्वाची मानून बाकी तीन वर्षं पाठ फिरवणं हीसुद्धा चूकच, आणि येत्या ३ नोव्हेंबरला काँग्रेसची मध्यावधी निवडणूक आहे म्हणून हे सगळं आत्ता बोलायला हवं.

आता तुमचा दुसरा मुद्दा, की हे इकॉनॉमी ठरवते. यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही, पण अर्धं आहे. एक तास मिळाला नाही म्हणून इथे लिहिते.

दुसऱ्या महायुद्धानंतर खुर्चीवरचा प्रेसिडेंट बारा वेळा नोव्हेंबरच्या मतदानाला सामोरा गेला, त्यातले चार हरले, १९७६ ला फोर्ड, १९८० ला कार्टर, १९९२ ला थोरले बुश आणि २०२० ला ट्रम्प. म्हणजे बसलेला माणूस सहसा पडत नाही. शिवाय ट्रूमन १९५२ ला, जॉन्सन १९६८ ला आणि बायडन २०२४ ला आपणहून बाजूला झाले, त्यांना वारं कळलं होतं, ते धरले तर चित्र आणखी वेगळं दिसतं.

पहिलं कारण खिसा. लोक म्हणतात बेकारी वाढली की प्रेसिडेंट पडतो. तसं सरळ नाहीये ते. रेगन १९८४ ला ४९ राज्यं जिंकले तेव्हा बेकारी सात टक्क्यांच्या वर होती, पण दोन वर्षांपूर्वी ती पावणेअकराच्या आसपास होती, म्हणजे उतरत होती. १९९२ ला बुश हरले तेव्हाही बेकारी साधारण तेवढीच होती, पण ती जूनपर्यंत चढत आली होती. माणूस आपला आजचा खिसा कालच्या खिशाशी ताडून बघतो. रेगननी १९८० च्या डिबेटमध्ये, मतदानाला एक आठवडा असताना, लोकांना हेच विचारलं होतं की चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का. तेव्हा महागाई साडेतेरा टक्के होती. त्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घरात किराणाच्या पावतीवरच लिहिलेलं होतं.

आणि इथे एक गोष्ट मला फार लागते. महागाई मोडायला ज्या व्होल्करना कार्टरनी १९७९ साली फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेवर, नेमलं त्यांनी व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात नेले, घरांची कर्जं बंद पडली, कार्टर पडले, आणि महागाई खाली आली ती रेगन यांच्या कारकिर्दीत. औषध एकाने दिलं, गुण दुसऱ्याच्या नावावर. मतदार नेहमी न्यायच करतो असं माझं म्हणणं नाही. पण घरात जे होतंय त्याचा जाब खुर्चीवरच्याला विचारता येतो, हे ज्या देशांत नाही तिथे काय होतं तेही आपण बघतो.

दुसरं कारण म्हणजे घरचा आहेर. हरलेल्यांची यादी काढा, १९१२ च्या टाफ्टपासून. टाफ्टच्या विरुद्ध त्याचाच आधीचा प्रेसिडेंट, थिओडोर रूझवेल्ट उभा राहिला, पार्टी उभी फुटली आणि बसलेल्या प्रेसिडेंटला फक्त युटा आणि व्हरमाँट मिळून आठ इलेक्टोरल मतं (राज्यांच्या वाट्याची मतं, त्यांवरच प्रेसिडेंट ठरतो) पडली. फोर्डना प्रायमरीत, म्हणजे पार्टीतल्या उमेदवारीच्या निवडणुकीत, रेगननी दमवलं, कार्टरना टेड केनेडींनी, बुशना पॅट ब्युकॅनन यांनी, न्यू हॅम्पशायरमध्ये ३७ टक्के घेऊन. स्वतःच्या पार्टीत ज्याला जीव मुठीत धरून फिरावं लागतं तो बाहेरच्यांशी लढायला येतो तोवर अर्धा दमलेला असतो. २०२० याला अपवाद आहे, ट्रम्पना त्यांच्या पार्टीत कोणाचं मोठं आव्हान नव्हतं, तिथे कोव्हिडचं वर्ष आडवं आलं.

तिसरं कारण म्हणजे शब्द आणि विश्वास. बुश यांचं बघा. आखाती युद्ध जिंकल्यावर १९९१ च्या मार्चमध्ये गॅलपच्या जनमत चाचणीत त्यांना ८९ टक्के पसंती होती, विरोधी पार्टीतले मोठे लोक उभं राहायलासुद्धा तयार नव्हते. वीस महिन्यांनी त्याच माणसाला साडेसदतीस टक्क्यांच्या आत मतं पडली. मधे काय झालं? नवीन टॅक्स लावणार नाही असा शब्द त्यांनी १९८८ ला ठासून दिला होता आणि १९९० ला मोडला, मंदीत लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि पेरो नावाचा एक अब्जाधीश अपक्ष उभा राहून एकोणीस टक्के घेऊन गेला. फोर्डनी १९७४ च्या सप्टेंबरात, वॉटरगेट प्रकरणात राजीनामा दिलेल्या निक्सनना माफी दिली, ती देशासाठी योग्य होती की नाही यावर आजही वाद होतो, पण लोकांच्या मनात संशय बसला तो बसलाच. कार्टर यांच्या वेळी इराणमध्ये ५२ अमेरिकन ओलीस होते, ४४४ दिवस, सोडवायला गेलेली मोहीम वाळवंटातच फसली आणि आठ सैनिक गेले. ओलीस सुटले ते रेगन यांच्या शपथविधीच्या दिवशी. आणि हूवर, १९३२, चारातला एक माणूस बेकार, झोपडपट्ट्यांना त्याचं नाव दिलेलं, त्याचं वेगळं कारण सांगायलाच नको.

म्हणून मी म्हणते इकॉनॉमी, पार्टीतली भांडणं, संकटं, हे सगळं मिळून बसलेल्या माणसाला कड्यापर्यंत आणतं. टाफ्ट, हूवर, कार्टर आणि बुश तर वाऱ्यानेच गेले. पण फोर्ड आणि ट्रम्प यांना कड्यावरून शेवटचा धक्का मोजक्या लोकांनी दिला. १९७६ ला ओहायो फोर्ड यांच्या हातून अकरा हजार मतांनी गेलं आणि विस्कॉन्सिन पस्तीस हजारांनी, ती दोन राज्यं इकडची तिकडे झाली असती तर फोर्ड राहिले असते. २०२० ला देशभरात साडेपंधरा कोटींच्या वर मतं पडली, फरक सत्तर लाखांचा, पण ॲरिझोनात १०,४५७, जॉर्जियात ११,७७९, विस्कॉन्सिनमध्ये २०,६८२. तीन मिळून जेमतेम त्रेचाळीस हजार. ती फिरली असती तर इलेक्टोरल मतांत २६९-२६९ अशी बरोबरी होऊन निकाल हाऊसकडे गेला असता. आणि २००० ला फ्लोरिडात फरक फक्त ५३७ मतांचा! आपल्या गणपतीच्या महाप्रसादाला त्याहून जास्त पानं उठतात.

आपलं राज्यही असंच काठावरचं आहे, स्विंग स्टेट, हे तुम्हाला मी सांगायला नको, ऑक्टोबर आला की आपल्या पत्रपेट्या पत्रकांनी ओसंडून वाहतात. या राज्यात राहून "आपल्या मताने काय होतं" म्हणणं मला समजत नाही.

आता माझ्या तक्रारी, स्पष्टच लिहिते.

२०२४ च्या गणपतीत मी परवानगी घेऊन टेबल लावलं होतं, हायस्कूलच्या दारात, चपलांच्या रॅकच्या बाजूला. घडीचं टेबल, दोन पेनं, फॉर्मचा गठ्ठा, कुठल्याही उमेदवाराचं नाव नाही, कुठल्याही पार्टीचा रंग नाही. आरती व्हायच्या आत एकोणीस फॉर्म भरून झाले होते. एक काका, वय एकाहत्तर, पंधरा वर्षं सिटिझन आणि एकदाही मत दिलेलं नाही, ते खुर्चीवर बसून पत्ता लिहीत होते तेवढ्यात स्वयंसेवक आले आणि "वहिनी, वरून सांगितलंय" म्हणत टेबल उचललं. काकांच्या हातात पेन तसंच. नंतर त्यांनी तो फॉर्म माझ्या गाडीत, मांडीवर पुस्तक ठेवून पुरा केला. वरून म्हणजे कोणी, हे आजपर्यंत मला कोणी सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणालात मंडळाचं टॅक्स स्टेटस जाईल. नाही जात. आपण ५०१ (सी)(३), म्हणजे करमुक्त संस्था आहोत, आपल्याला कुठल्या उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, विरोधही करता येत नाही, हे बरोबर आहे, पण पक्षपात न करता मतदार नोंदणी करणं आणि मतदारांना माहिती देणं याला पूर्ण परवानगी आहे, आयआरएसच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या, साइटवर साध्या भाषेत लिहिलंय, मी तो भाग ईमेलला जोडला होता. ज्याने खरंच स्टेटस धोक्यात येईल असं काम मात्र मागच्या दिवाळीत आपल्याच स्टेजवर झालं, एका उमेदवाराला शाल-श्रीफळ देऊन माईक दिला, त्याने मतं मागितली, आणि दुसऱ्या बाजूच्या कोणाला बोलावलं नव्हतं. तेव्हा राजकारण नको असं कोणी म्हणालं नाही. हे मला सगळ्यात जास्त खटकलं, आणि तो उमेदवार माझ्या आवडीचा होता तरी खटकलं.

जूनचा निर्णय पाच जणांनी व्हॉट्सॲपवर घेतला. तीनशेच्या वर कुटुंबं वर्गणी भरतात, त्यांना विचारलं नाही, मिनिट्समध्ये एक ओळ नाही.

आणि तरुण मुलं. आपल्या मंडळात अठरा-वीस वर्षांची इथे जन्मलेली किती मुलं आहेत, ढोल-ताशा पथकात तीच असतात. त्यांना आपण अथर्वशीर्ष शिकवतो, फेटा बांधायला शिकवतो, ते शिकवायलाच हवं. पण ज्या देशात ती जन्मली तिथे आपल्या लोकांना १९४६ पर्यंत सहसा नागरिकसुद्धा होता येत नव्हतं, हे त्यांना कोणी सांगत नाही. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांना, ज्यांनी अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली होती त्यांना, तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९४६ ला कायदा झाला तेव्हा भारतीयांचा वर्षाचा कोटा होता शंभर. १९६५ ला जॉन्सननी सही केली त्या कायद्याने दारं उघडली म्हणून आपली मंडळं उभी राहिली. माझ्या मुलीने हे मला विचारलं की आई, हे मला कोणी का नाही सांगितलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मागण्या साध्या आहेत.

यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत, आपला कार्यक्रम त्या शनिवार-रविवारी असेल. तिथे नोंदणीचं टेबल लागू द्या. यंदा दिवाळी मतदान होऊन गेल्यावर येते, त्यामुळे दिवाळीत लावू म्हणाल तर उपयोग नाही.

कोजागिरीच्या आत एक तास द्या. मी बोलायलाच हवं असं नाही, दुसऱ्या कोणाला बोलवा, दोन वेगळ्या मतांची माणसं बोलवा, पण प्रेसिडेंटच्या हातात काय असतं, काँग्रेसच्या काय, राज्याच्या काय, एवढं लोकांना मराठीतून समजू द्या. आजी-आजोबा इंग्रजी बातम्या बघून घाबरतात फक्त.

स्टेजवर उमेदवार आणायचे तर सगळ्यांना बोलवा, नाहीतर कोणालाच नको. हा नियम लेखी करा.

जूनचा निर्णय सर्वसाधारण सभेपुढे ठेवा, हात वर करून मतदान घ्या. सभासदांनी नको म्हटलं तर मी ते मान्य करेन, मंडळ सोडणार नाही, पुरणपोळ्यांची यादीही माझ्याकडेच राहील.

मतदानाच्या दिवशी ज्या ज्येष्ठांना गाडी चालवता येत नाही त्यांना पोचवायला आम्ही सात जण तयार आहोत, तुम्ही फक्त न्यूजलेटरमध्ये एक ओळ छापा. कोणाला मत देणार हे कोणी विचारणार नाही.

त्या काकांनी २०२४ ला पहिल्यांदा मत दिलं. मीही त्याच वर्षी पहिल्यांदाच दिलं, २०२३ ला सिटिझन झाले म्हणून. सकाळी साडेसहाला आम्ही एकाच रांगेत होतो, थंडी होती, काकूंनी थर्मासमध्ये चहा आणला होता. त्यांनी कोणाला दिलं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

ऑगस्टची मीटिंग पुढच्या रविवारी आहे, हा विषय अजेंड्यावर घ्या आणि मला उत्तर लेखी द्या. टेबल माझ्या गाडीच्या डिकीत आहे, दोन पेनं आणि फॉर्मही. दारापाशी सहा फूट जागा लागेल.

कळावे,
तुमचीच एक वर्गणीदार सभासद